गुडघा दुसऱ्यांदा बदलताना बिजागरी का लागते, त्यामागची गोष्ट

आमच्या आत्याच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलून बारा वर्षं झाली, आणि गेल्या पावसाळ्यापासून पाखाडी उतरताना गुडघा बाजूला कलंडतो असं ती म्हणायला लागली. राजापूरहून अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला नेलं, डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला तर सांधा चिकटवलेलं सिमेंट आणि हाड यांच्या मधे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ. सांधा सैल झालाय, रिव्हिजन म्हणजे तो काढून दुसरा बसवणं करावं लागेल, बहुतेक हिंजवाला, म्हणजे बिजागरीचा बसवू असं ते म्हणाले. बिजागरी म्हटल्यावर आत्या घाबरली, घरच्यांनी मोबाइलवर शोधून तिला अजून घाबरवलं, म्हणून हे सगळं मुळापासून लिहितोय.

कृत्रिम गुडघ्याची सुरुवातच मुळात बिजागरीने झाली. बर्लिनचा सर्जन थेमिस्टोक्लीस ग्लुक, त्याने १८९० च्या सुमारास क्षयाने खराब झालेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवली, पण इन्फेक्शनमुळे ती टिकली नाही. मग १९५० च्या दशकात वॉल्डियस, शियर्स यांच्या बिजागऱ्या आल्या. दुखणं थांबायचं, पेशंट चालायला लागायचा, पण काही वर्षांत सगळं सैल. कारण गुडघा नुसता वाकत नाही, वाकताना थोडा फिरतोही, आणि ही बिजागरी फक्त वाकणारी. आपल्याकडे पावसात दार फुगतं आणि आपण ते रेटत राहतो, तेव्हा बिजागरी शाबूत राहते, लाकडातले स्क्रू उपटून येतात ना, तसंच. फिरण्याचा सगळा जोर हाडातल्या पकडीवर यायचा. मोबाइलवर हिंजच्या नावाने जी भीती दिसते तिची मुळं बरीचशी या काळातली आहेत.

मोठा बदल १९७४ चा. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत इन्सॉल, रानावत, वॉकर यांनी टोटल कॉन्डिलर गुडघा आणला, त्यात बिजागरी नाही, मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूचं टोपण आणि नडगीच्या हाडावर प्लास्टिकची बैठक. (रानावत म्हणजे ज्यांनी पुढे वाजपेयींचे गुडघे मुंबईत बदलले तेच.) १९७८ मधे त्याच बैठकीच्या मधोमध एक खुंटी आली, मागच्या लिगामेंटचं, म्हणजे हाडांना हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचं काम करायला. आज पहिल्यांदा बदलतात ते बहुतेक गुडघे याच घराण्यातले.

पण पहिला सांधा सैल झाला की पेच वेगळा असतो, तो काढताना हाड जातं, बाजूची लिगामेंटं ढिली झालेली असतात. म्हणून रिव्हिजनचे प्रकार पायऱ्यांसारखे तयार होत गेले. बाजूची लिगामेंटं चांगली असतील तर खुंटीवालाच साधा प्रकार पुरतो. ती ढिली असतील तर खुंटी उंच आणि जाड करतात, म्हणजे गुडघा डावीउजवीकडे कलंडत नाही, याला कन्स्ट्रेन्ड म्हणतात. आणि लिगामेंटं उरलीच नसतील तर हिंज, पण आताचा हिंज रोटेटिंग आहे, म्हणजे वाकतोही आणि आसाभोवती थोडा फिरतोही. १९७० च्या दशकाच्या शेवटी हे डिझाइन आलं ते जुन्या बिजागरीचं नेमकं दुखणं ओळखूनच. तरी लिगामेंट धड असताना उगाच हिंज बसवू नये, कारण सांधा जितका जखडलेला तितका हाडाच्या पकडीवर ताण जास्त. महागातला, मोठ्यातला बसवा हो डॉक्टर, असं आपले लोक म्हणतात ते इथे चुकतं.

दुसरा प्रश्न असतो तो हाडाचा. गेलेल्या हाडाच्या जागी धातूचे ठोकळे म्हणजे ऑगमेंट लावतात, मांडी आणि नडगीच्या पोकळीत लांब दांडा म्हणजे स्टेम घालतात, आणि मोठं खिंडार असेल तर टँटलम धातूचा कोन, म्हणजे शंकूसारखा तुकडा बसवतात, हे साधारण २००० नंतरचं. हा कोन हातात घेतला तर अगदी जांभा दगड वाटेल, सगळा भोकाभोकांचा, आणि पेशंटचं हाड त्या भोकांत वाढून त्याला धरून ठेवतं. इन्फेक्शन असेल तर मात्र बऱ्याचदा दोन टप्पे, आधी सांधा काढून अँटिबायोटिक घातलेला सिमेंटचा स्पेसर, म्हणजे सांध्याची जागा धरून ठेवणारा तुकडा, काही आठवड्यांनी नवा सांधा.

पैशाचं म्हणाल तर ऑगस्ट २०१७ मधे केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा साधा कोबाल्ट-क्रोम धातूचा ५४,७२० आणि रिव्हिजनचा १,१३,९५० रुपये, वर जीएसटी. पुढे हे आकडे बदलत गेलेत, आजचा विचारून घ्या.

आत्याने डॉक्टरांना एकच विचारलं, आडोळीवर बसून मासे कापता येतील का. खाली बसायचं नाही, ओट्यावर कापा, म्हणाले. आणि हिंजच लागेल का हे सांधा उघडून लिगामेंट हाताने ताणून बघितल्यावरच नक्की होईल, त्या दिवशी कन्स्ट्रेन्ड आणि हिंज दोन्ही सेट थिएटरमधे तयार असतील. कुणाचं ऑपरेशन ठरत असेल तर दोन्ही सेट हाताशी आहेत ना एवढं आधी विचारा, ऐनवेळी मुंबईहून मागवायची वेळ यायला नको.