मुंबईचा पाणीपुरवठा व मलनिस्सारण : भांडवली गुंतवणूक

धरणे, जलवाहिन्या, बोगदे, शुद्धीकरण केंद्रे, उदंचन (पंपाने पाणी उपसणारी) केंद्रे आणि मलवाहिन्या उभारण्यासाठी केलेला खर्च. बृहन्मुंबई महानगरपालिका त्याचा हिशेब 'ग' अर्थसंकल्पात स्वतंत्रपणे मांडते.

विहार तलाव 1860 मध्ये पूर्ण झाला. पुढे तुळशी (1879), तानसा (1892), मोडक सागर (1957), अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा (2014) अशी भर पडत गेली. शहर वाढले तसा पाण्याचा स्रोत साष्टी बेटावरून सरकत शंभर किलोमीटरपर्यंत लांब गेला. तानसा-वैतरणेचे पाणी बहुतांशी गुरुत्वाने उतरते. त्यामुळे सुरुवातीचा खर्च मोठा असला, तरी विजेचे बिल त्या मानाने थोडे येते. भातशाचे तसे नाही. ते पाणी नदीतून पिसे बंधाऱ्यापर्यंत येते, तिथे पंपाने उचलावे लागते आणि मग पांजरापूरला शुद्ध होते. 1970च्या दशकापासून अशा कामांना जागतिक बँकेची कर्जे मिळाली. यांतली शहराबाहेरची धरणे ज्या शहापूर तालुक्याच्या आसपास आहेत, तिथल्या गावपाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. गुंतवणुकीच्या हिशेबात हा खर्च कुठेच दिसत नाही.

एवढे करूनही बहुतेक वस्त्यांत नळाला दिवसाचे काही तासच पाणी असते. महापालिकेचा चावीवाला रस्त्यातले झाकण उघडून लांब दांड्याच्या चावीने झडप फिरवतो, तेव्हा एका भागाचे पाणी बंद होऊन दुसऱ्याचे सुरू होते.

मलनिस्सारणाकडे पैसा नेहमीच उशिरा वळला. धरणाचे उद्घाटन करता येते, जमिनीखालच्या वाहिनीचे कोण करणार? वरळी व वांद्रे येथून समुद्रात तीन किलोमीटरहून लांब पातमुखे (सांडपाणी समुद्रात सोडणाऱ्या वाहिन्या) टाकली गेली, पण त्यांतून सोडण्यापूर्वी सांडपाण्यातला कचरा आणि वाळूच तेवढी वेगळी काढली जाई. वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, मालाड आणि वर्सोवा येथील सात नव्या प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन जानेवारी 2023 मध्ये झाले. त्यांचा खर्च सुमारे 17,200 कोटी रुपये आणि एकत्रित क्षमता दररोज सुमारे 246 कोटी लिटर सांगितली गेली. झोपडपट्ट्यांतले बरेचसे सांडपाणी मात्र उघड्या नाल्यांतून मिठी नदीत आणि खाडीत जाते. ते अडवून मलवाहिन्यांत वळवल्याखेरीज या केंद्रांपर्यंत पोचणार नाही.