एक्सप्रेस (वेब फ्रेमवर्क)

एक्सप्रेस : नोड.जेएसवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्यवस्थेवर) चालणारे, जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले मुक्तस्रोत वेब अ‍ॅप्लिकेशन फ्रेमवर्क. परवाना एमआयटी, सध्या ओपनजेएस फाउंडेशनच्या छत्राखाली. आलेली रिक्वेस्ट कोणत्या फंक्शनकडे जावी आणि तिला रिस्पॉन्स कसा जावा, एवढेच ते पाहते. डेटाबेस कोणता, लॉगिन कसे, फोल्डर किती, याबद्दल त्याचा आग्रह नाही.

उगम : मूळ कर्ता टीजे होलोवेचुक. आरंभाच्या तारखेबाबत एकवाक्यता नाही. प्रकल्पाच्या बदल-नोंदीत ०.०.१ ही आवृत्ती ३ जानेवारी २०१० रोजी दाखवली आहे. काही संदर्भांत २२ मे २०१० ची ०.१२ ही पहिली धरतात, तर काहींत १६ नोव्हेंबर २०१० ची १.०. बदल-नोंद त्याच प्रकल्पाची असल्याने जानेवारी ग्राह्य धरणे बरे. मात्र जुलै २०१० मध्ये १.० च्या बीटासाठी सगळा कोड नव्याने लिहिला गेला, त्यामुळे आजच्या एक्सप्रेसचा वंश तिथून मोजणेही चुकीचे नाही. प्रेरणास्थान म्हणून रूबीतील सिनात्रा या फ्रेमवर्कचे नाव सर्रास घेतले जाते. मार्ग (कोणत्या पत्त्याला कोणते फंक्शन) लिहिण्याच्या पद्धतीपुरते ते खरे आहे. मिडलवेअरची (रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स यांच्या मधल्या फंक्शनांची) साखळी आली ती कनेक्ट या नोडच्या लायब्ररीतून, आणि कनेक्टवर रूबीच्या रॅक या वेब सर्व्हर इंटरफेसची छाप आहे. एप्रिल २०१४ मधील चौथ्या आवृत्तीने कनेक्टवरचे अवलंबित्व सोडले, साखळी तेवढी ठेवली. त्याच वर्षी सूत्रे स्ट्राँगलूपकडे गेली. ही कंपनी २०१५ मध्ये आयबीएमने घेतली. पाचव्या आवृत्तीची पहिली अल्फा नोव्हेंबर २०१४ ची, पक्की आवृत्ती सप्टेंबर २०२४ ची.

उभारणी : पाचव्या आवृत्तीला नोड १८ किंवा पुढचे लागते. एनपीएम हा नोडची पॅकेजे बसवणारा प्रोग्राम. रिकाम्या फोल्डरमध्ये ‘एनपीएम इनिट -वाय’ दिले की पॅकेज.जेसन (प्रकल्पाची माहिती ठेवणारी फाइल) तयार होते. मग ‘एनपीएम इन्स्टॉल एक्सप्रेस’. फोल्डरचे नाव ‘एक्सप्रेस’ ठेवू नये : पॅकेजलाही तेच नाव मिळते आणि जुने एनपीएम स्वतःतच स्वतःला बसवायला नकार देते. ‘रिक्वायर’ऐवजी ‘इम्पोर्ट’ वापरायचे असेल, तर पॅकेज.जेसनमध्ये टाइपचे मूल्य ‘मॉड्यूल’ करावे. इंडेक्स.जेएसमध्ये चार गोष्टी पुरतात : एक्सप्रेस आणणे, त्यातून अ‍ॅप बनवणे, अ‍ॅप.गेटने मुळाच्या मार्गाला फंक्शन जोडणे, अ‍ॅप.लिसनने ३००० सारखा पोर्ट उघडणे.

इथे पाचव्या आवृत्तीचा एक चकवा आहे. पोर्ट आधीच कोणी धरून ठेवला असेल, तर चौथी आवृत्ती थेट एरर फेकत असे. पाचवी तीच एरर लिसनला दिलेल्या कॉलबॅक फंक्शनला पहिला आर्ग्युमेंट म्हणून देते. कॉलबॅकमध्ये नुसतीच ‘सर्व्हर सुरू’ अशी ओळ छापली असेल, तर ती ओळ दिमाखात छापली जाते आणि प्रोसेस गुपचूप बंद पडते. म्हणून तो आर्ग्युमेंट तपासावा.

मिडलवेअर : नवशिक्यांच्या बहुतेक अडचणी क्रमाच्या असतात. रिक्वेस्ट लिहिलेल्या क्रमाने वरून खाली एकेका फंक्शनमधून जाते. प्रत्येकाने रिस्पॉन्स पाठवावा किंवा नेक्स्ट() म्हणावे. दोन्ही राहिले की ब्राउझर नुसता फिरत राहतो, कुठेही एरर दिसत नाही. दोन्ही झाले आणि पुढच्यानेही उत्तर दिले, तर हेडर आधीच गेल्याची एरर येते. शाखेत रिटर्न विसरणे हे तिचे नेहमीचे कारण. रिक्वेस्टची बॉडी अनडिफाइन्ड येते तेव्हा एक्सप्रेस.जेसन() हा बॉडी वाचणारा पार्सर मार्गांच्या खाली लिहिलेला असतो, किंवा पाठवणाऱ्याने कंटेंट-टाइप दिलेला नसतो. या पार्सरची मर्यादा मुळात १०० केबी आहे. ४०४ चे (पान सापडले नाही असे सांगणारे) फंक्शन सर्व मार्गांनंतर, आणि एरर हाताळणारे त्याच्याही खाली. नंतरच्याला चार आर्ग्युमेंट हवेतच. चौथा वापरात नाही म्हणून काढला, तर एक्सप्रेस त्याला साधे मिडलवेअर समजते. असिंक फंक्शनमधून फेकलेली एरर पाचव्या आवृत्तीत आपोआप तिथे पोचते. चौथीत ती पकडून नेक्स्टला द्यावी लागे.

स्थिर फाइली एक्सप्रेस.स्टॅटिकने दिल्या जातात. सापेक्ष पाथ नोड जिथून चालवले त्या फोल्डरपासून धरला जातो, फाइलीच्या जागेपासून नव्हे. पूर्ण पाथ द्यावा.

जुने धडे : इंटरनेटवरची बरीच उदाहरणे चौथ्या आवृत्तीची आहेत. त्यांतील नुसत्या तारकेचा सर्वग्राही मार्ग पाचवीत सुरू होतानाच एरर देतो. तारकेनंतर ‘स्प्लॅट’सारखे नाव लिहावे लागते. ऐच्छिक भागासाठीचे प्रश्नचिन्हही गेले, त्याजागी महिरपी कंस आले.