बुर्ज खलिफाचं तिकीट काढण्याआधी एकदा अजिंक्यताऱ्यावर जाऊन या

दुबईतल्या बुर्ज खलिफा या उंच इमारतीची चौकशी करायला आमच्या साताऱ्यातल्या सहलींच्या ऑफिसात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात एक तरी माणूस असतो, तो खुर्ची मागे सरकवून म्हणतो, "एवढे पैसे मोजून वर चढायचं आणि खाली बघायचं, त्यापेक्षा आपला अजिंक्यतारा किल्ला काय वाईट? फुकट आहे की!" बहुतेक वेळा हे आजोबा असतात. आणि खरं सांगायचं तर आजोबांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. म्हणूनच हे पत्रक लिहायला घेतलं.

बुर्ज खलिफाचं तिकीट हे उंचीचं तिकीट नसतं, वेळेचं असतं. तिकिटावर तारीख आणि वेळ छापलेली असते आणि पैसे परत मिळत नाहीत. तीच उंची आणि तीच काच, पण दुपारी दोनला वेगळा दर आणि सूर्यास्ताच्या आसपास चांगलाच चढा दर. त्यामुळे आमच्याकडे येताना "कितव्या मजल्याचं काढू?" एवढाच प्रश्न घेऊन येऊ नका. आधी "किती वाजताचं काढू?" हे ठरवायचं. मजला नंतर.

त्यासाठी घरच्या घरी करता येण्यासारखी एक चाचणी आहे. एखाद्या निवांत दिवशी, सूर्य मावळायच्या तासभर आधी, सगळ्या घराला घेऊन अजिंक्यताऱ्यावर जा. गाडी वरपर्यंत जाते. मंगळाईच्या देवळाच्या बाजूला बुरुजावर उभं राहिलात की सगळा सातारा पायाशी येतो. समोर यवतेश्वर, पलीकडे जरंडेश्वर, आणि गडाच्या मागच्या अंगाला आलात की सज्जनगड. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी निदान 'चार भिंती' या ठिकाणापर्यंत तरी यावं. मग घड्याळ लावा. मुलं किती वेळात "चला ना आता" म्हणतात? कठड्याजवळ जाताना कोण मागे सरतं? अंधार पडून हायवेवर दिव्यांची रांग सुरू झाल्यावर कुणाला थांबावंसं वाटतं? आपलं घर उंचावरून बघण्यात किती वेळ रमतं, हे तिथं अर्ध्या तासात कळतं. जे घर वीस मिनिटांत खाली उतरायला निघतं, त्याला सूर्यास्ताचं महाग तिकीट आम्ही विकत नाही. उगाच पैसे घालवायचे कशाला?

अजिंक्यतारा शहरापासून साधारण 300 मीटर उंच. बुर्जचा पाहुण्यांसाठीचा 124वा मजला जमिनीपासून 452 मीटरवर, म्हणजे आपल्या गडाच्या दीडपट. फरक हा की गडावर आपण डोंगरावर उभे असतो, पाय जमिनीला लागलेले असतात. तिथं आपण वाळूतून वर काढलेल्या एका खांबावर असतो, आणि खाली सरळ काच.

काय आहे ही इमारत

उंची 828 मीटर, मजले 163. उद्घाटन 4 जानेवारी 2010 रोजी झालं. बांधकाम चालू असताना नाव होतं बुर्ज दुबई; उद्घाटनाच्या दिवशी अमिरातीचे तेव्हाचे अध्यक्ष शेख खलिफा यांचं नाव दिलं. वरून बघितलं तर इमारत तीन पाकळ्यांची दिसते. मधला गाभा आणि त्याला तीन बाजूंनी टेकू दिलेल्या तीन भुजा, प्रत्येक भुजा दुसऱ्या दोघींना आधार देते. वर जाताना एकेक भुजा टप्प्याटप्प्यानं मागे घेतलीय, त्यामुळे इमारतीचा आकार सतत बदलत राहतो आणि वाऱ्याला एका लयीत तिला हलवता येत नाही. पाहुण्यांना सगळ्या मजल्यांवर जाता येत नाही. 124 आणि 125 हे नेहमीच्या तिकिटाचे मजले, आणि 2014 साली उघडलेला 148वा, 555 मीटरवरचा, महागड्या तिकिटाचा.

आता 148चं काय? "जायचंच आहे तर सगळ्यात वर जाऊ," हे आम्ही रोज ऐकतो. हवा स्वच्छ असेल तर 124 वरून क्षितिज सुमारे 76 किलोमीटरवर असतं, 148 वरून सुमारे 84. आठ किलोमीटरसाठी इतका फरक मोजायचा का, ते तुम्ही बघा. तसंही दुबईच्या हवेत इतकं लांबचं क्वचितच दिसतं. आमचं मत विचाराल तर 124 पुरे. अपवाद एकच. घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल आणि रांगेत उभं राहणं जमणार नसेल, तर 148चं तिकीट घ्यावं. त्याची रांग वेगळी आणि बरीच लहान असते, बसवून खजूर-कॉफी देतात. ते पैसे उंचीचे नाहीत, पायांचे आहेत असं समजा.

वेळ कशी धरायची

सूर्यास्ताच्या वेळी वर असणं, हे सगळ्यांनाच हवं असतं. पण एकदा वर गेल्यावर 124-125 वर कुणी तुम्हाला उठवत नाही. म्हणून आम्ही चढ्या दराचा पट्टा सुरू व्हायच्या आधीची जेवढी जवळची वेळ मिळेल तेवढी धरतो आणि मंडळींना वरच रेंगाळायला सांगतो. दिवाळीपासून नाताळपर्यंत दुबईत सूर्य साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास मावळतो, मेच्या सुट्टीत सातच्या आसपास. त्याच्या दीड-दोन तास आधीची वेळ मिळाली तर उजेडातली दुबई, मावळतीची दुबई आणि दिव्यांची दुबई, तिन्ही एकाच तिकिटात. पट्ट्याच्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, त्या बुकिंगच्या दिवशी आम्ही बघून सांगतो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं हेही ध्यानात ठेवा. मोबाईल आपोआप बदलतो, पण आजोबांचं मनगटी घड्याळ बदलत नाही.

हवेचा भाग सांगायलाच हवा, कारण त्यात आम्ही एकदा तोंडघशी पडलोय. सुरुवातीच्या काळात एका मोठ्या कुटुंबाला आम्ही मे महिन्यात दुपारी दोनची वेळ काढून दिली. दर कमी होता, गर्दी नव्हती, आम्हीच खूश. वर गेल्यावर त्यांना काय दिसलं? चार जवळच्या इमारती, आणि त्यांच्यापुढं सगळं पिवळट-पांढरं. वाळूची धूळ आणि समुद्राची दमट हवा उन्हाळ्यात दुपारी अशी काही मिसळते की समुद्र कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नाही. परत आल्यावर त्या घरातल्या काकू ऑफिसात आल्या, पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "पावसाळ्यात यवतेश्वरला यापेक्षा जास्त दिसतं." पेढे गोड होते, बोलणं बरोबर होतं. तेव्हापासून मे-जूनची दुपारची वेळ आम्ही कुणालाही देत नाही. मेमध्येच जायचं असेल तर संध्याकाळचीच घ्या, दिवे तरी दिसतात.

हिवाळ्यात सकाळी कधी कधी धुकं येतं. ते मात्र नशिबानं मिळालं तर सोडू नका. धुकं खालीच राहतं आणि उंच इमारतींची टोकं त्यातून वर आलेली दिसतात, जशी पावसाळ्यानंतर आपल्याकडं डोंगरांची शिखरं ढगांवर तरंगतात.

31 डिसेंबरचा हट्ट धरू नका. त्या रात्री बुर्जवर आतषबाजी असते, दुपारनंतर आसपासचे रस्ते बंद व्हायला लागतात, आणि पोरंबाळं घेऊन त्या गर्दीतून हॉटेल गाठणं म्हणजे यात्रेत हरवल्यासारखं होतं.

तिथं पोचल्यावर

बुर्जचा दरवाजा शोधत इमारतीभोवती फिरू नका. पाहुण्यांचं प्रवेशद्वार दुबई मॉलच्या आत, तळाच्या मजल्यावर आहे. मेट्रोनं आलात तर लाल मार्गावरच्या बुर्ज खलिफा-दुबई मॉल स्टेशनला उतरायचं. पण स्टेशन म्हणजे मॉल नव्हे. मधे वातानुकूलित पूल आहे, तो पाऊण किलोमीटरच्या वर. सरकते पट्टे आहेत, तरी चालावं लागतंच. त्यानंतर मॉल. त्यात बाराशेच्या वर दुकानं आहेत आणि सोन्याची दुकानं बरोबर वाटेत येतात. आमचा अनुभव असा की साडेचारची वेळ असेल तर मंडळी साडेतीनला मॉलमध्ये असतात आणि पाच वाजता फोन येतो, "अहो, ते गेट कुठं आहे?" म्हणून खरेदी नंतर. आधी गेट गाठा, मग बांगड्या.

तिकिटावरच्या वेळेच्या अर्धा तास आधी रांगेत असावं. विमानतळासारखी तपासणी होते. मोठी बॅग आणि कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड चालत नाही. बाहेरचं खाणंही चालत नाही, त्यामुळे पोळी-चटणीचा डबा हॉटेलवरच ठेवा. लिफ्ट दुमजली आहे आणि सेकंदाला 10 मीटर जाते, मिनिटभरात 124वा मजला येतो. खंबाटकीच्या घाटात बसतात तसे कानाला दडे बसतात, मुलांच्या तोंडात एखादी गोळी असू द्या. गरगरण्याची भीती अनेकांना असते. बंद लिफ्टमधून बाहेर काहीच दिसत नसल्यामुळे प्रत्यक्षात ती फारशी होत नाही. भीती वाटते ती 124च्या उघड्या गच्चीवर, जिथं काचांच्या फटीतून वारा येतो. ज्यांना नको त्यांनी आतल्या बाजूनं बघावं, दिसतं तेच. जोराचा वारा किंवा धूळ असेल तर ती गच्ची बंदही ठेवतात.

वरून शेख झायेद रस्ता वाहत्या ओढ्यासारखा दिसतो. खाली कारंज्यांचं तळं आहे. समुद्रात जगाच्या नकाशाच्या आकारात भर घालून केलेली बेटं, किनाऱ्यावर बुर्ज अल अरब हॉटेलचं शीड, आणि पाठीमागे, जिकडं फारसं कुणी बघत नाही, तिकडं वाळवंट. आमचं सांगणं असं की मावळतीला सगळे समुद्राकडं गर्दी करतात तेव्हा तुम्ही उलट बाजूला जा. बुर्जची स्वतःची सावली शहरावरून पुढं पुढं वाळवंटाकडं सरकत असते. बोटाएवढी बारीक, आणि लांबच लांब. तेवढी उंची त्या सावलीतच कळते.

दिवे लागल्यावर फोटोत आपलाच चेहरा आणि मागच्या माणसाची टोपी येते. काचेला मोबाईल टेकवून धरा आणि वरून ओढणी किंवा पदराची झालर करा. आमच्या एका बाईंनी काठपदराच्या साडीनं ज्या फोटोची सोय केली, तो आज ऑफिसच्या भिंतीवर लावलाय.

वर सूर्य दोन-तीन मिनिटं उशिरा मावळतो, हे नुसतं म्हणायला नाही. 2011 साली रमजानमध्ये दुबईच्या मुफ्तींनी सांगितलं की 80व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा आणि 150च्या वर तीन मिनिटं. हे ऐकून एका आजींनी लगेच विचारलं, "मग संकष्टीचा चंद्र?" हिशेबानं तो वर थोडा आधी दिसायला हवा. पण वर डबा चालत नाही, त्यामुळे उपास खाली येऊनच सोडावा लागतो. आणि वेळ दुबईची धरायची, साताऱ्याच्या पंचांगातली नाही.

खाली येताना लिफ्टसाठी पुन्हा रांग असते, कधी वर जातानापेक्षा मोठी. त्यामुळे बुर्जनंतर लगेच जहाजावरचं जेवण किंवा विमान ठेवू नका.

बुर्ज नको असेल तर

बुर्जवरून सगळी दुबई दिसते, फक्त बुर्ज दिसत नाही. तो बघायचा असेल तर झबील पार्कमधली दुबई फ्रेम बरी. 150 मीटर उंच चौकट, 2018 साली उघडली. एका बाजूला जुनी दुबई, दुसऱ्या बाजूला नवी, आणि मधे काचेची जमीन. तिकीट बुर्जपेक्षा बरंच स्वस्त. उंचीला घाबरणाऱ्यांना काचेची जमीन सोडून कडेनं चालता येतं.

युरोपला जाणाऱ्यांसाठी दोनच ओळी. आयफेल टॉवरच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत जिन्यानं जाता येतं, 674 पायऱ्या. ज्याची तब्येत धड आहे त्यानं जिना घ्यावा, लोखंडी जाळीतून पॅरिस खाली खाली जाताना दिसतं. सगळ्यात वरचा टप्पा जोराच्या वाऱ्यात बंद होतो, त्यामुळे तो मुक्कामाच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

सामानाबद्दल एक गोष्ट, हिचा टॉवरशी संबंध नाही पण सहलीशी आहे. अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे. दिवाळीच्या सुट्टीत नातेवाइकांसाठी अनारसे आणि करंज्या नेणाऱ्यांनी हे नीट वाचा. अनारशावर खसखस असते, सारणात असते, डिंकाच्या लाडवात असते. खायचं पानही नको. कंदी पेढे खुशाल न्या. रोजच्या औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या. खोकल्याच्या आणि वेदनेच्या काही औषधांना तिथं आधी परवानगी लागते, ती यादी आम्ही तपासून देतो.

तिकीट काढायला येताना पासपोर्टची झेरॉक्स तर आणाच (मुदत प्रवासाच्या तारखेपुढं सहा महिने हवी), पण घरात कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला चक्कर येते आणि कुणाला रांगेचा राग येतो हेही सांगा. आणि अजिंक्यताऱ्यावर मंडळी किती मिनिटं टिकली, तो आकडा लिहून आणा. बाकीचं त्यावरून ठरवू.