इलेक्ट्रॉनिक्सचं मासिक लावताना पार्टची यादी आधी का बघायची, त्यामागचा इतिहास

हॉबीसाठी इलेक्ट्रॉनिक्सचं कुठलं मासिक लावावं असं कोणी विचारलं की उत्तरं ठरलेली असतात, हे सोपं आहे, ते जड आहे, ते परदेशी म्हणून महाग पडतं वगैरे. माझं मत विचाराल तर आधी एकच गोष्ट बघा, त्यातल्या सर्किटचे पार्ट तुम्हाला मिळतात का. कारण ही मासिकं मुळात जन्मालाच आली ती पार्ट विकणाऱ्याच्या दुकानातून, आणि शंभर वर्षांत त्यांच्यात जे जे बदललं ते बहुतेक वेळा पार्टमुळेच बदललं.

ह्यूगो गर्न्सबॅक नावाचा लक्झेंबर्गचा तरुण १९०४ मध्ये अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कमध्ये त्याने इलेक्ट्रो इम्पोर्टिंग कंपनी काढली, युरोपातून वायरलेसचं सामान मागवायचं आणि हौशी पोरांना पोस्टाने विकायचं असा धंदा. पण नुसता पार्ट विकून भागत नाही, तो जोडायचा कसा हे पण सांगावं लागतं, म्हणून कॅटलॉगमध्ये माहिती वाढत गेली आणि १९०८ ला त्यातून 'मॉडर्न इलेक्ट्रिक्स' हे मासिक निघालं. पुढे गर्न्सबॅकनेच 'रेडिओ क्राफ्ट' काढलं, जे १९४८ मध्ये 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' झालं. इंग्लंडमध्ये १९३२ पासून 'प्रॅक्टिकल वायरलेस' होतं, १९६४ ला 'प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स' आलं.

मासिक काय करू शकतं ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'चा जानेवारी १९७५ चा अंक. कव्हरवर ऑल्टेअर ८८०० हा कॉम्प्युटर, आत इंटेलचा ८०८० प्रोसेसर, आणि घरी जोडायच्या सगळ्या पार्टचं किट ३९७ डॉलरला. खरा प्रोटोटाइप वाटेतच पार्सलमध्ये हरवला होता त्यामुळे कव्हरवर रिकामा डबा छापला, तरी एड रॉबर्ट्सच्या एमआयटीएस कंपनीकडे ऑर्डरींचा पाऊस पडला. हाच अंक बघून पॉल ॲलन आणि बिल गेट्स त्या कॉम्प्युटरसाठी बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा लिहायला बसले आणि मायक्रोसॉफ्ट उभी राहिली. लोक अंकाचं कौतुक करतात ते बरोबरच आहे, पण मला वाटतं खरी ताकद किटमध्ये होती, नुसता लेख आला असता तर तेवढ्या लोकांनी ८०८० आणला कुठून असता?

आता एलेक्टर हे मासिक, ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त जिव्हाळा आहे. हे मूळचं हॉलंडचं, १९६० च्या दशकात डचमध्ये सुरू झालं, १९७० ला जर्मन आवृत्ती, नंतर इंग्लिश. त्यांच्यापुढे प्रश्न असा की एकच सर्किट वेगवेगळ्या देशांत छापायचं आणि प्रत्येक देशात दुकानात वेगळा ट्रान्झिस्टर मिळणार. मग त्यांनी काय केलं, सर्किटमध्ये नंबर लिहायचाच नाही, फक्त टीयूएन किंवा टीयूपी लिहायचं, म्हणजे ट्रान्झिस्टर युनिव्हर्सल एनपीएन किंवा पीएनपी (ट्रान्झिस्टरचे हे दोन मुख्य प्रकार), आणि अंकात एक तक्ता द्यायचा की किमान २० व्होल्ट, १०० मिलिॲम्पियर आणि गेन (म्हणजे करंट किती पट वाढवतो ते) १०० असला की कुठलाही चालेल. डायोडचं पण तसंच, सिलिकॉनचा डीयूएस, जर्मेनियमचा डीयूजी. रेझिस्टर ४.७के न लिहिता ४के७ लिहायचे, कारण छपाईत टिंब उडालं की ४.७ चे ४७ होतात आणि सर्किट बोंबलतं. ह्या छोट्या गोष्टींवरून कळतं की संपादकाने कधीतरी स्वतः हातात सोल्डरिंग आयर्न धरलंय. शिवाय पीसीबी, म्हणजे पार्ट बसवायचा तांब्याच्या ट्रॅकचा बोर्ड, ते स्वतःच तयार करून विकायचे, म्हणजे घरी फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड बुडवून ट्रॅक खराब व्हायची भीती नाही.

१९८३ मध्ये ह्याची भारतीय आवृत्ती निघाली आणि ती निघाली आपल्या मुंबईतून, ऑफिस ग्रँट रोड पूर्वेला प्रॉक्टर रोडवर. मुंबईकरांना सांगायला नको, इलेक्ट्रॉनिक्सच्या पार्टचा बाजार असलेला लॅमिंग्टन रोड तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. सिलेक्स म्हणून नवशिक्यांसाठी वेगळं सदर असायचं. तेव्हा आयातीवर लायसन्स आणि भरमसाट ड्युटी, परदेशी सर्किटमधला आयसी काउंटरवर मागितला की "हा नाही, इक्विव्हॅलंट देऊ का?" (म्हणजे त्याच्या जागी चालणारा दुसरा) हे ठरलेलं, पुण्यात पार्टच्या बाजारात, तपकीर गल्लीत पण तेच. अशा वेळी टीयूएन-टीयूपी म्हणजे वाचकावर उपकारच होते, इक्विव्हॅलंट चालणार की नाही हे तक्ता बघून आपलं आपल्याला ठरवता यायचं.

भारतीय एलेक्टरच्या आधीपासून, १९६९ पासून, दिल्लीहून 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' निघतंय आणि ते अजून चालू आहे ही फार मोठी गोष्ट आहे. अमेरिकेतलं 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' आधी कॉम्प्युटरकडे वळलं आणि १९८५ ला बंद पडलं, 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' नावं बदलत बदलत २००३ ला संपलं. ईएफवायची (म्हणजे 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'ची) बरीचशी सर्किटं इथल्याच वाचकांनी, इथल्याच पार्टवर बनवून पाठवलेली असतात, सोबत पार्टची यादी आणि पीसीबीचा लेआउट. इंडस्ट्रीच्या बातम्या आणि जाहिराती त्यात बऱ्याच असतात, ते ज्याला नको त्याने पानं उलटावीत, पण महाराष्ट्रात बसून पहिलं मासिक लावणाऱ्याला मी हेच सांगेन. हात बसला की ऑस्ट्रेलियाचं 'सिलिकॉन चिप' बघा, १९८७ पासून चालू आहे, मोजमापाची उपकरणं आणि ऑडिओ ह्यात त्यांचं काम फार पक्कं असतं, त्यांचे प्रोजेक्ट इंग्लंडच्या 'प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स'मध्ये पण येतात, त्यामुळे दोन्हीची वर्गणी भरण्यात अर्थ नाही. छापील अंक तिकडून मागवण्यापेक्षा डिजिटल घ्या, पोस्टाचा खर्च वाचतो.

आज ट्रान्झिस्टर कुठलाही ऑनलाइन मिळतो, अडतं ते दुसरीकडेच. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारी चिप, आल्यापासून सर्किटचा जीव प्रोग्रॅममध्ये असतो आणि काही मासिकं फक्त हेक्स फाइल (चिपमध्ये थेट भरायची, पण वाचून बदलता न येणारी) देतात किंवा आधीच प्रोग्रॅम भरलेली चिप विकतात. अशी चिप उडाली की पुन्हा त्यांच्याकडूनच घ्यायची आणि डिस्प्ले वेगळा लावायचा म्हटलं तरी हात बांधलेले. म्हणून वर्गणी भरायच्या आधी जुना एखादा अंक मिळवा, त्यातला आवडलेला प्रोजेक्ट घ्या, यादीतला एकेक पार्ट कुठे मिळतो ते शोधा आणि सोर्स कोड पूर्ण दिलाय का ते उघडून बघा. पुढच्या दोन-तीन अंकांत त्या प्रोजेक्टची दुरुस्ती छापलीय का हे पण बघा, चुका सगळ्यांच्याच होतात, जे मासिक त्या छापतं त्याच्यावर पैसे घालायला माझी काही हरकत नाही.