वीज कापण्यापासून वीज सरकवण्यापर्यंत

स्मार्ट मीटरचा, म्हणजे विजेचा वापर वेळेनुसार नोंदवून आपोआप कळवणाऱ्या मीटरचा, वाद बिलाभोवतीच फिरत राहतो आणि ग्रिडचा, म्हणजे केंद्रांपासून घरांपर्यंतच्या वीजजाळ्याचा, मूळ प्रश्न बाजूला पडतो. हा प्रश्न मीटरपेक्षा खूप जुना आहे. घरात बटण दाबले जाते त्याच क्षणी कुठल्या तरी केंद्रात तेवढी वीज तयार होत असावी लागते. हा मेळ वारंवारितेवरून, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला किती वेळा दिशा बदलून पूर्ण फेरी करतो यावरून, कळतो. भारतात ती 50 हर्ट्झच्या आसपास राहायला हवी. मागणी वाढली की ती घसरते, निर्मिती जास्त झाली की चढते.

नव्वदच्या दशकात ती फारच हेलकावत असे. राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत आणि त्याचा फटका ग्रिडच्या साऱ्या विभागाला, म्हणजे एकत्र जोडलेल्या राज्यांच्या गटाला, बसे. जुलै 2002 मध्ये पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा या पट्ट्यात, देशात सर्वप्रथम उपलब्धतेवर आधारित दरपद्धत लागू झाली. वारंवारिता कमी असताना जास्तीची वीज घेतली तर दर चढा, वारंवारिता जास्त असेल तर स्वस्त. भारतात स्मार्ट ग्रिडची, म्हणजे मापन आणि संदेशवहनाच्या आधारे मागणी-पुरवठा जुळवणाऱ्या ग्रिडची, खरी सुरुवात मी इथून मानतो. ग्रिडची तब्येत पाहून दर बदलू शकतो, हे तेव्हा प्रथम व्यवहारात आले.

पण हा हिशेब राज्यापाशी थांबला. गावातल्या ग्राहकापर्यंत पोहोचले ते भारनियमन. 2005 नंतरच्या टंचाईत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बारा-बारा तास वीज नसे. पुढे वीजगळती आणि वसुलीवरून फीडरांचे, म्हणजे उपकेंद्रातून एखाद्या भागाला वीज नेणाऱ्या वाहिन्यांचे, गट पाडले गेले. म्हणजे प्रामाणिकपणे बिल भरणाराही शेजाऱ्याच्या थकबाकीपायी अंधारात बसे. भारनियमन हेही मागणीचेच व्यवस्थापन होते, पण आंधळे. उपकेंद्राला फीडर दिसे. त्यावरची पिठाची गिरणी, दवाखाना किंवा अभ्यासाला बसलेले पोर दिसत नसे. शेतीला तर पंपाला लागणारा थ्री फेज पुरवठा आलटूनपालटून रात्रीचा मिळे. इतरांची मागणी उतरली की पंप चालवायचा, हे ग्रिडच्या सोयीचे होते. साप-बिबट्याची भीती मात्र शेतकऱ्याच्या वाट्याला आली.

30 आणि 31 जुलै 2012 ला उत्तरेकडची ग्रिड लागोपाठ दोन दिवस कोसळली. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य विभागही गेले, साठ कोटींवर लोकांचा वीजपुरवठा तुटला. बीना-ग्वाल्हेर वाहिनीवर पेलवणार नाही इतका भार आला होता. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनी जोडली गेली आणि देशाची एकच ग्रिड झाली. एवढ्या पसाऱ्यावर नजर ठेवायला मापन आणि संदेशवहनाची जोड हवीच होती. 2015 मध्ये राष्ट्रीय स्मार्ट ग्रिड अभियान सुरू झाले.

5 एप्रिल 2020 ला रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवले गेले तेव्हा मागणी सुमारे 31,000 मेगावॅटने उतरली. तरीही ग्रिड टिकली. त्यात मोठा वाटा जलविद्युत केंद्रांचा होता, कारण ती मिनिटांत कमी-जास्त करता येतात. कोयना जलविद्युत प्रकल्पाचे महत्त्व याच कारणाने आहे. घाटघरचा 250 मेगावॅटचा प्रकल्प तर स्वस्त विजेवर पाणी वर चढवतो आणि गरजेच्या वेळी खाली सोडतो.

सौरऊर्जेने हे घड्याळच फिरवले. आता दुपारी वीज भरपूर आणि सूर्य मावळला की ताण. म्हणून मागणी दिवसाकडे सरकवायची. उद्योगांना वेळेनुसार दर फार पूर्वीपासून आहेत. जुलै 2025 पासून महावितरणच्या स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांनाही सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेत प्रतियुनिट 80 पैसे ते 1 रुपया सवलत ठरवण्यात आली. महिन्यातून एकदा वाचल्या जाणाऱ्या जुन्या मीटरवर अशी सवलत मोजताच आली नसती.

राज्यातला सर्वांत सहज सरकवता येणारा भार मात्र कृषिपंपांचा आहे. केंद्राच्या 2021 च्या योजनेने प्रीपेड स्मार्ट मीटरमधून शेती वगळली आणि आपल्याकडच्या कित्येक पंपांची आकारणी आजही प्रत्यक्ष वापरावर नव्हे, तर पंपाच्या अश्वशक्तीवर होते. तिथे बदल आला तो दुसऱ्या वाटेने. 2017 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत फीडरजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यायला सुरुवात झाली. 2023 मध्ये तिचा दुसरा, बराच मोठा टप्पा आला. प्रत्येक पंपाचा वापर नेमका कळत नाही तोवर ग्रिडच्या हिशेबातला हा मोठा आकडा अंदाजानेच भरला जाणार आहे.