विषाणुप्रथिने व पेशीचक्र

काही विषाणूंची प्रथिने यजमान पेशीच्या विभाजनावरील नियंत्रण मोडतात व त्यातून, बहुधा अनेक वर्षांनी, कर्करोग उद्भवू शकतो. विषाणूला कर्करोगाचा काही लाभ नसतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणाऱ्या पॅपिलोमा विषाणूकडे स्वतःचे डीएनए पॉलिमरेज (डीएनएची प्रत बनवणारे विकर) नसल्यामुळे विभाजन थांबवलेल्या पेशीला तो पुन्हा डीएनए-निर्मितीच्या ‘एस’ अवस्थेत ढकलतो. अर्बुद (पेशींच्या अनियंत्रित वाढीची गाठ) हा त्याचा आनुषंगिक परिणाम होय.

निरोगी पेशीत आरबी प्रथिन ई२एफ या जनुक-नियामक घटकांना बांधून ठेवते. वाढीचा संदेश आला, की सायक्लिन डी व त्याची कायनेजे आरबीला फॉस्फेट गट जोडतात, ई२एफ मोकळे होतात आणि विभाजन सुरू होते. पॅपिलोमाचे ई७ प्रथिन संदेशाची वाट पाहत नाही. ल्युसीन, कोणतेही एक ॲमिनो आम्ल, सिस्टीन, पुन्हा कोणतेही एक आणि ग्लुटामिक आम्ल अशा पाच घटकांच्या तुकड्याने ते आरबीला चिकटते व त्याचा नाशही घडवते. हाच तुकडा ॲडिनोव्हायरसच्या ई१ए प्रथिनात आणि एसव्ही४० या माकडांतील विषाणूच्या ‘लार्ज टी’ प्रथिनातही आढळतो. तिन्ही विषाणू वेगवेगळ्या कुलांतील असल्याने हे साम्य लक्षणीय आहे. ई१ए व आरबी यांचे बंधन १९८८ मध्ये, तर ई७चे १९८९ मध्ये दाखवले गेले.

अशा अवेळी विभाजनाला पी५३ प्रथिन आडवे येते. ते पेशीचक्र थांबवते किंवा पेशीला मृत्यूकडे नेते. पॅपिलोमाचे ई६ प्रथिन पेशीतीलच एका लायगेजाच्या (नष्ट करायच्या प्रथिनांवर खूण करणाऱ्या विकराच्या) साहाय्याने पी५३ विघटनास पाठवते. लार्ज टी मात्र त्याला धरून ठेवते. म्हणून एसव्ही४०ने रूपांतरित (कर्करोगसदृश) केलेल्या पेशींत पी५३ साठलेले दिसते, तर पॅपिलोमाजन्य अर्बुदांत ते जेमतेम सापडते. पी५३चा शोधही १९७९ मध्ये लार्ज टीला जोडलेले प्रथिन म्हणूनच लागला. प्रारंभीच्या प्रयोगांत वापरलेल्या जनुकप्रती उत्परिवर्तित असल्यामुळे सुमारे दशकभर त्याला अर्बुदजनक मानले जाई. १९८९ च्या सुमारास ते अर्बुदरोधी असल्याचे स्पष्ट झाले.

विषाणूचा डीएनए यजमानाच्या गुणसूत्रात शिरणे कर्करोगासाठी अनिवार्य आहे काय, याविषयी मतभेद आहेत. अशा समावेशनात ई२ जनुक पुष्कळदा तुटते आणि ई६-ई७ वरील त्याचा अंकुश जातो. १९५१ मध्ये गर्भाशयमुखाच्या अर्बुदापासून मिळवलेल्या हेला पेशींत पॅपिलोमा–१८ (या विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार) असाच आठव्या गुणसूत्रात बसलेला आहे. तथापि पॅपिलोमा–१६च्या काही अर्बुदांत विषाणूचा डीएनए केवळ सुटा, वर्तुळाकार आढळतो. त्यामुळे समावेशन ही वारंवार घडणारी, पण अपरिहार्य नसलेली पायरी मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

एसव्ही४० हॅम्स्टरमध्ये अर्बुदे निर्माण करतो. १९५५–६३ या काळातील काही पोलिओ लसींत तो मिसळला गेला होता. परंतु मानवी कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. याउलट मर्केल पेशी कर्करोग या त्वचेच्या कर्करोगात २००८ मध्ये सापडलेल्या मर्केल पेशी पॉलिओमा विषाणूचा पुरावा भक्कम आहे : अर्बुदांतील त्याचे लार्ज टी प्रथिन तुटके असते, त्यामुळे विषाणूचे पुनरुत्पादन होत नाही, पण आरबीला धरणारा भाग शाबूत राहतो.

आरबी निष्प्रभ झाल्यावर पेशीत पी१६ प्रथिन वाढते, म्हणून ऊतिपरीक्षेत पी१६चे रंजन पॅपिलोमाजन्य विकृतीची अप्रत्यक्ष खूण म्हणून वापरतात. कापोसी अर्बुदाच्या हर्पिस विषाणूत सायक्लिनसदृश प्रथिन असते. यकृतशोथ–बी विषाणूच्या एक्स प्रथिनाच्या कार्याविषयी एकमत नाही.