‘गांजा घेत नाही ना?’

पहिल्या भेटीत समुपदेशक झोप, भूक, कामावरचे लक्ष यांविषयी विचारतात आणि मग, नजर फॉर्मवरच ठेवून, घाईने म्हणतात, ‘गांजा वगैरे काही घेत नाही ना?’ त्या ‘ना’मध्येच अपेक्षित उत्तर दडलेले असते. समोरची व्यक्ती ‘नाही’ म्हणते, रकान्यात फुली पडते आणि उपचारांसाठी मोलाची ठरली असती अशी माहिती कोणालाच कळत नाही.

या फुलीची किंमत रुग्णालाच मोजावी लागते. रोज गांजा ओढणाऱ्याने तो अचानक बंद केला, तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड आणि भूक मंदावणे असे त्रास सुरू होऊ शकतात. पहिल्या आठवड्यात ते सर्वाधिक जाणवतात आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. अमेरिकी मनोविकार नियमावलीच्या 2013 मधील पाचव्या आवृत्तीत या अवस्थेला स्वतंत्र निदानाचे स्थान मिळाले आहे. मात्र गांजाचा उल्लेखच झाला नसेल, तर हीच लक्षणे सहज चिंताविकाराच्या खात्यावर मांडली जातात.

रुग्णाने खरे सांगितले तरी अडचण संपत नाही. जॉन केली आणि कॅसान्ड्रा वेस्टरहॉफ यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचशेहून अधिक मानसिक आरोग्य व्यावसायिकांना एकाच रुग्णाचे वर्णन वाचायला दिले होते. फरक एवढाच होता, की काहींच्या कागदावर त्याला ‘अमली पदार्थांचा गैरवापर करणारा’ म्हटले होते, तर इतरांच्या कागदावर ‘व्यसनविकार असलेली व्यक्ती’. पहिला शब्दप्रयोग वाचणाऱ्यांचा कल रुग्णालाच दोषी धरण्याकडे आणि दंडात्मक उपायांकडे अधिक दिसला. हा अभ्यास केवळ गांजापुरता नव्हता, परंतु प्रशिक्षित माणसाचा निवाडाही एका शब्दाने झुकतो, हे मला फार अस्वस्थ करणारे वाटते, कारण केसपेपरवर एकदा ‘गंजेडी’ अशा अर्थाचा शेरा पडला, की पुढची प्रत्येक तक्रार त्याच चष्म्यातून वाचली जाते.

याच्या उलट, ‘वनस्पतीच तर आहे’ असे म्हणून विषय सोडून देणेही घातकच. युरोप आणि ब्राझीलमधील केंद्रांवर झालेल्या व 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कधीच गांजा न घेतलेल्यांच्या तुलनेत रोज घेणाऱ्यांमध्ये मनोविक्षिप्तीची, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचे भान सुटण्याची, शक्यता सुमारे तिप्पट आढळली आणि टीएचसीचे, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचे, प्रमाण जास्त असलेला गांजा रोज घेणाऱ्यांमध्ये ती जवळजवळ पाचपट होती. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे असाच भास-भ्रमांचा विकार, असलेल्या तरुणापासून ही गोष्ट सौजन्यापोटी लपवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडलेली प्रेरणात्मक मुलाखतीची पद्धत, म्हणजे दोष न देता खुले प्रश्न विचारून रुग्णालाच बदलाची कारणे शोधू देणे, इथे उपयोगी पडते. त्या पद्धतीने काम करणारा समुपदेशक विचारतो, ‘गेल्या महिन्यात किती दिवस घेतला? त्यातून तुम्हाला काय मिळते?’ मग ‘ओढला की डोक्यातले विचार थांबतात’ असे उत्तर येऊ शकते आणि ते विचार कोणते, कधीपासूनचे, याची चौकशी तिथून सुरू करता येते.